हार्मोनियमचे जनक आलेक्सांद्र देबें

ज्युबिलीच्या अंकांत साधुसंतांचीं चरित्रें छापण्याची चाल आहे, व ती योग्यच आहे. आज आम्ही वाचकांपुढें ज्या गृहस्थाचें चरित्र ठेवीत आहों, तो संत नव्हता. त्याला संतपद द्यावें अशी सूचनाहि आजवर कोणीं केलेली नाहीं. तो पॅरिस शहरांतील एक कारागीर व कारखानदार होता. परंतु आमच्या मोहर्लीच्या चर्चमंदिरांत वेदीच्या डाव्या हातास सतरंजीवर जी पेटी असते, जिच्या सुरावर आमच्या आयाबहिणी दर रविवारीं प्रवेशगीत उचलतात, त्या पेटीचा मूळ पुरुष तोच होय. त्याचें नांव आलेक्सांद्र फ्रांस्वा देबें.

पेटी ही आपल्या लोकांस इतकी घरची वाटते कीं, ती परदेशांतून आली हें सांगितलें तर पुष्कळांस नवल वाटतें. भजनांत पेटी, कीर्तनांत पेटी. धानाची कापणी आटोपल्यावर आपल्या ह्या झाडीपट्टींत रात्ररात्र जीं नाटकें चालतात, त्यांतहि ऑर्गनचा सूर मैलभर ऐकूं येतो. सेमिनरींत असतांना आम्ही स्वतः चार वर्षें ह्या वाद्यावर बोटें फिरविलीं, पण तें कोणीं केलें हें आम्हीं कधीं विचारलें नाहीं. विचारण्याचा प्रसंग आला तो ह्या ज्युबिलीच्या तयारीच्या वेळीं. कसा, तें योग्य ठिकाणीं सांगूं.

प्रथम पेटींतील सुराविषयीं थोडेंसें सांगणें अवश्य आहे, कारण त्यावांचून देबेंनीं काय केलें तें समजणार नाहीं. पेटीचें झांकण काढून पाहिल्यास आंत पितळेच्या लहानमोठ्या पट्ट्या ओळीनें बसविलेल्या दिसतात. प्रत्येक पट्टीस एक लांबट खांच असते आणि त्या खांचेवर पितळेचीच एक पातळ जीभ एका टोंकाशीं घट्ट बसविलेली असते. जीभ खांचेपेक्षां केंसभर अरुंद असते. भात्याचा वारा खांचेंतून जाऊं लागला कीं ती कोठेंहि न घासतां आंतबाहेर थरथरते, आणि त्या थरथरण्याचाच सूर होतो. जीभ लांब तर सूर खालचा, आखूड तर वरचा. ह्यापलीकडे पेटींत गूढ असें कांहीं नाहीं.

ही मोकळ्या जिभेची युक्ति मूळची आशिया खंडांतील आहे. चीन देशांत शेंग नांवाचें एक फार प्राचीन वाद्य आहे. वाडग्यासारख्या एका पात्रावर बांबूच्या नळ्या उभ्या बसविलेल्या असतात, प्रत्येक नळीच्या बुडाशीं अशी जीभ असते, आणि वादक तोंडानें वारा भरतो व ओढतो. बांबूच्या रानांत राहणाऱ्या आमच्या वाचकांस हें वाद्य डोळ्यांपुढें आणणें कठीण जाऊं नये. पेकिंग येथें राहणारे फादर आमियो ह्या नांवाचे फ्रेंच धर्मगुरु होते. ते येशूसंघाचे; परंतु १७७३ सालीं परमगुरुस्वामी चौदावे क्लेमेंट ह्यांनीं तो संघच बरखास्त केल्यामुळें ते संघावांचून तेथेंच काम करीत राहिले. त्यांनीं १७७७ सालीं अशीं कांहीं वाद्यें पॅरिसला पाठविलीं. युरोपांतील कारागिरांचें लक्ष त्या सुमारास मोकळ्या जिभेकडे वेधलें. जर्मनींतील फोग्लर नांवाच्या एका धर्मगुरूनेंच ती आपल्या फिरत्या ऑर्गनमध्यें घातली. फ्रान्समध्यें ग्रेनिये ह्यांनीं १८१० सालीं, व्हिएन्ना येथें हेक्ल ह्यांनीं १८१८ च्या सुमारास, तिच्या आधारें निरनिराळीं वाद्यें केलीं. म्हणजे देबेंच्या आधीं वाट पुष्कळांनीं चोखाळलेली होती. हें आम्ही मुद्दाम सांगतों, कारण देबेंचे अभिमानी तें सांगत नाहींत.

देबें ह्यांचा जन्म पॅरिस येथें १८०९ सालीं झाला. फ्रान्समधील ख्रिस्तसभा तेव्हां राज्यक्रांतीच्या वणव्यांतून नुकतीच बाहेर पडली होती. १८०१ च्या करारानें चर्चमंदिरांचीं दारें पुन्हां उघडलीं; पण आंत काय उरलें होतें? घंटा वितळवून तोफा ओतल्या होत्या. कित्येक ऑर्गनच्या शिशाच्या व कथलाच्या नळ्या वजनावर विकल्या गेल्या होत्या. शहरांतील मोठ्या मंदिरांनीं हळूहळू नवे ऑर्गन उभारले, परंतु खेड्यांतील गरीब धर्मग्रामांस तें शक्य नव्हतें. नळ्यांचा ऑर्गन म्हणजे एक इमारतच. त्याच्या खर्चांत खेड्याचें एक नवें चर्चमंदिर उभें राहील. म्हणून तेथें एक पगारी गाणारा उंच आवाजांत स्तोत्रें म्हणे, आणि फार तर सापासारखें वळणावळणाचें एक मोठें फुंकवाद्य घेऊन दुसरा त्याला साथ करी. त्या वाद्याच्या बेसूरपणाविषयीं त्या काळच्या लोकांनीं पुष्कळ विनोद केले आहेत.

देबें प्रथम सुतारकाम शिकले. सामानाची घडण, लांकडाचा स्वभाव, ओल्या हवेंत तें कसें फुगतें आणि सुक्या हवेंत कसें तडकतें, हें ज्ञान त्यांना हातांतून आलें. पुढें ते पियानो करणाऱ्यांकडे कामास राहिले, व १८३४ सालीं, पंचविसाव्या वर्षीं, त्यांनीं पॅरिसमध्यें स्वतःच्या नांवाचा कारखाना काढला. नासरेथच्या सुताराची आठवण येथें आमच्या वाचकांस होईल. ती फार ताणूं नये, कारण देबें ह्यांनीं पुढें संपत्ति व लौकिक दोन्ही भरपूर मिळविलीं.

ज्यामुळें त्यांचें नांव राहिलें, तें काम त्यांनीं ९ आगस्ट १८४२ रोजीं सरकारदप्तरीं नोंदवून आपल्या हक्काचें करून घेतलें. त्या वाद्यास त्यांनीं हार्मोनियम हें नांव दिलें. त्यांत नवें काय होतें? पूर्वीच्या वाद्यांत जिभांची बहुधा एकच ओळ असे, व सूर एकाच रंगाचा निघे. देबेंनीं एका पेटींत चार ओळी बसविल्या, आणि प्रत्येक ओळीकरितां वाऱ्याचा कप्पा वेगळ्या मापाचा व वेगळ्या आकाराचा केला. जीभ तीच, पण कप्पा बदलला म्हणजे सुराची जात बदलते, हें त्यांच्या सुतारी हातानें ओळखलें. त्यामुळें एका ओळींतून बांसरीसारखा, दुसरींतून सनईच्या जातीच्या वाद्यासारखा सूर निघूं लागला. समोरच्या खुंट्या ओढून वादक वाटेल त्या ओळी एकत्र करी. भाते पायांनीं चालवावयाचे, त्यामुळें दोन्ही हात पट्ट्यांवर मोकळे राहात. आणखी एक खुंटी होती. ती ओढली कीं वारा सांठ्याच्या भात्यांतून न जातां थेट जिभांकडे जाई, आणि मग पायाचा दाब जसा, तसा सूर मोठा किंवा बारीक होई. अशा रीतीनें नळ्यांच्या ऑर्गनला जें साधत नव्हतें तें ह्या पेटीला साधलें: एकच सूर धरून ठेवून, माणसाच्या गळ्याप्रमाणें, त्याला हळूहळू चढवितां व उतरवितां येऊं लागलें. चार माणसांनीं उचलून नेतां येईल एवढें हें वाद्य, आणि किंमत नळ्यांच्या ऑर्गनच्या एका लहानशा अंशाइतकी. खेड्यापाड्यांतील धर्मग्रामांनीं तें घेतलें ह्यांत आश्चर्य नाहीं.

येथें चरित्रनायकाचा एक दोषहि सांगितला पाहिजे. हार्मोनियम ह्या नांवावर त्यांनीं आपला हक्क फार कडकपणें राखला. दुसऱ्या कारखानदारांनीं तशाच जातीचीं वाद्यें केलीं, तेव्हां त्यांना तें नांव वापरतां येईना. आलेक्सांद्र ह्या आडनांवाच्या पॅरिसमधीलच एका प्रसिद्ध पितापुत्रांच्या कारखान्यास आपल्या वाद्याला मेलोडियम असें दुसरें नांव शोधावें लागलें. फोग्लर, ग्रेनिये, हेक्ल ह्यांच्या खांद्यांवर जो उभा राहिला, त्यानें दुसऱ्यांस आपल्या खांद्यावर हात ठेवूं दिला नाहीं, असें आम्हांस वाटतें. शेवटीं झालें तें असें कीं, नांव देबेंच्या मुठींतून निसटून साऱ्या जगाचें झालें, आणि देबें हें नांव मात्र जगाच्या स्मरणांतून गेलें.

आतां त्यांच्या दुसऱ्या कृतीकडे वळूं. आमच्या मतें त्यांच्या चरित्रांतील खरा विचार करण्याजोगा भाग हाच आहे.

हार्मोनियम खेड्यांत पोंचला, पण वाजविणार कोण? धर्मगुरु वेदीपाशीं, शाळामास्तरास येत असेल तर ठीक, नाहीं तर पेटी कापड घालून कोपऱ्यांत. ही अडचण देबेंच्या कानीं पुष्कळ धर्मग्रामांतून आली असली पाहिजे, कारण १८४६ सालीं त्यांनीं तीवर उपाय काढला. त्याला त्यांनीं आंतिफोनेल असें नांव दिलें. चर्चमधील स्तोत्रांच्या धृपदास जो शब्द आहे त्यावरूनच तें घडविलें आहे. ही एक लांकडी चौकट असून ती हार्मोनियमच्या पट्ट्यांवर ठेवीत. तिच्याबरोबर लांकडी फळ्यांचा संच येई. प्रत्येक फळीवर एखाद्या चालीच्या हिशोबानें लोखंडी खिळे ठोकलेले असत. माणसानें एका हातानें दांडा मागेंपुढें हालविला कीं फळी दांत्यांवरून पुढें सरके. खिळे वरील पोलादी चोंचींना लागत, चोंचींच्या योगें खालीं पट्ट्या दाबल्या जात, आणि पायांनीं भाते चालू असले कीं गाणें आपोआप उमटे. गाणें लांब असेल तर एकामागून एक फळ्या घालावयाच्या. ज्याला एकहि सूर ओळखतां येत नाहीं असा देऊळराख्याहि जात्याच्या दांड्याप्रमाणें तो दांडा हालवून पूर्ण सुरेल साथ करूं शके. काम संपलें म्हणजे चौकट उचलून ठेवावी; पेटी पुन्हां बोटांनीं वाजविण्यास मोकळी.

बुद्धीच्या दृष्टीनें हें यंत्र खरोखर मोठें चतुर आहे, आणि त्याच्या मुळाशीं जो हेतु होता तोहि वाईट नव्हता. गरीब मंदिरांतील उपासना मुकी राहूं नये एवढीच ती इच्छा. पण यंत्राचें नशीब पाहा. देबेंनीं तीच युक्ति पियानोला लावली, आणि तिचा खप श्रीमंतांच्या दिवाणखान्यांत होऊं लागला. ज्या फळ्यांवर स्तोत्रें ठोकावयाचीं त्यांवर नाचाच्या व नाटकांच्या चाली ठोकल्या गेल्या. १८५१ सालच्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनांत देबेंचीं वाद्यें मांडलेलीं होतीं. पुढें त्यांस फ्रान्सच्या बादशहाचे पुरवठादार म्हणविण्याचा मान मिळाला. आपल्या वाद्यांवर ते हार्मोनियमचा शोधक ही पदवी आवर्जून लिहीत.

हार्मोनियमला मात्र खऱ्या संगीतज्ञांचे हात लाभले. इटालियन संगीतकार रोसिनी ह्यांनीं वृद्धपणीं एक मोठी मिस्सा रचली व ती १४ मार्च १८६४ रोजीं पॅरिसमध्यें प्रथम गाइली गेली. तिच्या साथीला त्यांनीं दोन पियानो व एक हार्मोनियम एवढेंच घेतलें होतें. सेझार फ्रांक हे पॅरिसचे श्रेष्ठ ऑर्गनवादक. त्यांनीं आयुष्याच्या शेवटच्या दिवसांत, १८९० च्या सुमारास, ह्या साध्या पेटीकरितां लहान लहान सुंदर रचना लिहिल्या. देबें तेव्हां हयात नव्हते. ३ डिसेंबर १८७७ रोजीं पॅरिस येथेंच त्यांचा अंत झाला. त्यांचा कारखाना कांहीं वर्षांनीं रोडोल्फ ह्यांच्या कारखान्याशीं जोडला गेला. आज युरोपांतील वाद्यांच्या संग्रहालयांत त्यांच्या पेट्या व खिळ्यांच्या फळ्या जपून ठेवलेल्या आहेत.

हिंदुस्थानांत हार्मोनियम आला तो मिशनरी, लष्करी अधिकारी व व्यापारी ह्यांच्या सामानाबरोबर. पण आपण जमिनीवर बसून गाणारे लोक. खुर्चीवर बसून पायांनीं भाते दाबणें आपल्या बैठकीस मानवेना. कलकत्त्याचे द्वारकानाथ घोष ह्यांनीं १८७५ सालीं वाद्यांचें दुकान काढलें, व त्या शतकाच्या शेवटच्या पंचवीस वर्षांत त्यांनीं ह्या वाद्याचें रूप पालटलें. पाय काढले, भाता पाठीमागें घेतला, डावा हात भात्यावर व उजवा पट्ट्यांवर आला, आणि पायपेटीची हातपेटी झाली. एक हात गेल्यामुळें युरोपांतील अनेक सुरांची गुंफण गेली. पण आपलें गाणें एका सुराच्या धाग्यावर चालणारें असल्यानें कांहींच अडलें नाहीं. महाराष्ट्राच्या रंगभूमीनें पायांचा मोठा ऑर्गनहि सोडला नाहीं. बालगंधर्वांच्या गाण्यामागें तो वाजत असे. कोल्हापूरचे गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५) ह्यांनीं तर पेटी एकटीच वाजवून मैफल रंगवितां येते हें दाखवून दिलें.

ह्या वाद्याचे शत्रूहि होते. त्याचे सूर ठोकून बसविलेले. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड त्याला साधत नाहीं, व आपल्या रागांच्या बारीक श्रुति त्यांत नाहींत, हा आक्षेप खोटा नव्हे. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल व क्लेमेंट्स नांवाचे एक इंग्रज न्यायाधीश ह्यांनीं विसाव्या शतकाच्या आरंभीं बावीस श्रुतींची पेटी करविण्याचा खटाटोप केला, पण ती रुळली नाहीं. १९४० सालीं आकाशवाणीनें पेटीला आपल्या केंद्रांत बंदी केली. ती बंदी सुमारें तीस वर्षें टिकली. तेवढ्या काळांत भजनी मंडळींनीं पेट्या फेंकून दिल्या काय? मुळींच नाहीं.

ख्रिस्तसभेच्या दरबारांत देबेंच्या दोन अपत्यांचा निवाडा कसा झाला, तें आतां पाहूं. परमगुरुस्वामी दहावे पायस ह्यांनीं २२ नोव्हेंबर १९०३ रोजीं पवित्र संगीताविषयीं जें आज्ञापत्र काढलें, त्यांत ऑर्गनला मान व पियानोला मज्जाव आहे. पुढें बारावे पायस ह्यांच्या कारकीर्दींत, ३ सप्टेंबर १९५८ रोजीं, रोमच्या विधिमंडळानें सविस्तर नियम केले. त्यांत हार्मोनियमला, त्याचा सूर उपासनेस शोभेल असा असल्यास, मोकळीक दिली आहे. परंतु आपोआप वाजणारा ऑर्गन, ग्रामोफोन, रेडिओ, ध्वनिमुद्रित फीत असल्या सर्व यंत्रांस उपासनेंत साफ बंदी केली आहे. म्हणजे एकाच बापाच्या दोन मुलांपैकीं एक मंदिरांत राहिला आणि दुसरा बाहेर गेला. हे नियम लॅटिन विधीकरितां होते, व आमचा चांदा धर्मप्रांत सीरो-मलबार विधीचा आहे, हें आम्ही जाणतों. तरी त्या निवाड्यामागील कारण विधीविधींत बदलणारें नाहीं. उपासना ही जमलेल्या माणसांची कृति आहे. खिळे ठोकलेली फळी प्रार्थना करूं शकत नाहीं.

आतां ज्याचा आरंभीं उल्लेख केला तो प्रसंग. ज्युबिलीच्या तयारीच्या सभेंत एक सूचना आली कीं, महोत्सवाच्या मिस्सेस शहरांतून तयार ध्वनिमुद्रण आणावें. ध्वनिक्षेपकावर तें लाविलें म्हणजे गाणें निर्दोष होईल, पाहुण्यांपुढें आपली फजिती होणार नाहीं. सूचना करणारे आमच्या धर्मग्रामाचे खरे हितचिंतक आहेत. त्यांची भीतीहि निराधार नाहीं. इरईच्या पाण्याकाठची ही हवा. पावसाळ्यांत पेटीच्या पट्ट्या फुगून बसतात, जिभांवर गंज चढतो, भात्याचें कापड उंदीर कुरतडतात, आणि वाजविणारा शिकून तयार झाला कीं नोकरीकरितां चंद्रपूर-नागपूरला जातो.

आम्हांस त्या सभेंत एकदम उत्तर देतां आलें नाहीं, कारण ही सूचना आम्हीं स्वतः एकेकाळीं अमलांत आणलेली आहे. दीक्षा होऊन फार दिवस झाले नव्हते तेव्हां रानांतील एका ठाण्यावर आम्ही मिस्सेकरितां जात असूं. तेथें वाजविणारा नव्हता. आम्हीं फीत वाजविण्याचें यंत्र नेलें, व पहिल्या रविवारीं आम्हांस मोठें समाधान वाटलें. गाणें खरोखर सुंदर होतें. दोनतीन महिन्यांनीं ध्यानांत आलें कीं, पूर्वी वेडेंवांकडें कां होईना पण गाणारे ते लोक आतां हात जोडून उभे राहून ऐकत असतात. एका रविवारीं अर्पणाच्या वेळीं वीज गेली. यंत्र बंद पडलें, आणि सारें मंदिर गप्प. ज्या गाण्याचे शब्द त्यांना लहानपणापासून तोंडपाठ होते, तें पुढें उचलण्यास एकहि जण धजेना. सर्व आमच्याकडे पाहूं लागले. त्या शांततेची आठवण आम्हांस अद्याप आहे, व तो दोष त्या लोकांचा नव्हता. देबेंच्या आंतिफोनेलचें वर्णन आम्हीं प्रथम वाचलें तेव्हां दांडा हालविणारा देऊळराख्या आमच्या डोळ्यांपुढें आला नाहीं. तीं गप्प उभीं राहिलेलीं माणसें आलीं.

हें सर्व आम्हीं पुढच्या सभेंत सांगितलें. कांहींस पटलें, कांहींस पटलें नाहीं, आणि ज्यांस पटलें नाहीं त्यांनींहि पेटीच्या दुरुस्तीकरितां वर्गणी दिली, ह्याबद्दल आम्ही त्यांचे विशेष ऋणी आहों. पेटीच्या सात जिभा नव्या बसविल्या आहेत व भाता नव्यानें मढविला आहे. महोत्सवाच्या मिस्सेस आमचींच दोन मुलें पाळीपाळीनें वाजवितील. त्यांतील धाकटीचा पाय अद्याप मांडी घालून फार वेळ टिकत नाहीं, म्हणून मध्यें बदल होईल. चुका होतील, त्या वाचकांनीं ऐकून घ्याव्या. दर शनिवारीं सायंकाळीं जपमाळेनंतर चर्चमंदिरांतच शिकवणी चालते. ज्यांस आपलीं मुलें पाठवावयाचीं असतील त्यांनीं खुशाल पाठवावीं. पेटी एकच असल्यामुळें आळीपाळीनें बसावें लागेल, एवढेंच.